शिकवणीचं ऋण

शिकवणी हा शब्द आपल्या बायकांच्या बोलण्यात दोन तऱ्हांनी येतो. मूल मागं पडलं असलं की हळू आवाजात, "शिकवणी लावली आहे हो, गणितात जरा कच्चा आहे." मूल पुढं असलं की मोठ्या आवाजात, कुठल्या क्लासला घातलं आणि फी किती भरली. पहिल्या बोलण्यात थोडी शरम, दुसऱ्यात थोडी प्रौढी. शिकवणीनं मुळात काय साधलं आणि कुणाचं साधलं, हे मात्र दोन्हींत येत नाही.

मी बेळगावात घरच्या पडवीत सव्वीस वर्षं शिकवण्या घेतल्या. तिसरीपासून दहावीपर्यंतची मुलं-मुली, एका वेळी सहा, फार झालं तर आठ. दिवस बुडायच्या आत आमच्या घरी जेवणं उरकायची असतात, म्हणून साडेचार ते साडेपाच ही वेळ ठरलेली. त्यामुळं शिकवणीबद्दल बोलायचा थोडा अधिकार मला आहे असं मी समजते. पण नुसत्या माझ्या अनुभवानं हे भागणार नाही. शिकवणीला इतिहास आहे. त्या इतिहासात बायकांचा भाग मोठा आहे, आणि आपल्या समाजाचा त्याहून मोठा. तो आपण विसरलो, म्हणून आज शिकवणी म्हणजे पैसेवाल्यांचा थाट, एवढंच उरलं आहे.

आधी घर होतं, मग शाळा आली. गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या, हे आपण वाचलेलं असतं. धूळपाटी, मोडीचं वळण, पावकी-निमकी-पाऊणकीची उजळणी. पण त्या शाळांच्या बरोबरीनं घराघरांत शिकणं चाललेलं होतं, त्याकडं कुणी पाहत नाही. मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांनी १८२२ साली आपल्या इलाख्यातल्या शाळांची मोजदाद करायला लावली. १८२६ साली त्यांनी तिचा आढावा लिहिला. त्यात मद्रास शहरापुरता असा आकडा आला, की घरी शिकणारी मुलं शाळेत जाणाऱ्यांच्या पाचपटीहून जास्त आहेत. या आकड्यात काही चूक असावी अशी शंका स्वतः मन्रोंनाच आली. तरी नातेवाइकांनी किंवा खासगी शिक्षकानं मुलांना घरी शिकवणं देशात सगळीकडं चालतं, असं त्यांनी लिहून ठेवलं. म्हणजे शिकवणी हे शाळेला चिकटलेलं शेपूट नव्हे. शाळेच्या आधीपासून ती आहे.

मुलींच्या बाबतीत तर बराच काळ तीच एक वाट होती. दशलक्षण पर्वात आदिपुराणाचं वाचन ऐकलेल्या प्रत्येकीला ही कथा माहीत असते. जिनसेनाचार्यांनी नवव्या शतकात ती लिहिली. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मी आणि सुंदरी या दोन्ही लेकींना जवळ बसवून घेतलं. एकीला उजव्या हातानं अक्षरं शिकवली, दुसरीला डाव्या हातानं अंक. मुलगे त्यानंतर शिकले. पुराण म्हणजे इतिहास नव्हे, हे मला समजतं. पण हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या एका आचार्याला पहिला पाठ लेकींना द्यावासा वाटला, ही गोष्ट मात्र इतिहासात जमा आहे. आणि तो पाठ कसा? गुरू एक, शिकणाऱ्या दोन, अंतर हातभर. यालाच आपण शिकवणी म्हणतो.

एवढी कथा कानावर असूनही आपल्या घरांतल्या मुली शेकडो वर्षं निरक्षर राहिल्या, हेही सांगायला पाहिजे. ज्या थोड्या शिकल्या त्या अशाच, कुणीतरी शेजारी बसून शिकवलं म्हणून. निपाणीकडच्या खेड्यात माझ्या आजोबांची धाकटी बहीण होती. तिला आम्ही सगळी अक्कव्वा म्हणायचो. सोळाव्या वर्षी कपाळ पुसलं गेलं आणि ती माहेरी परत आली. घरात बोलणं कानडी, शास्त्रं छापलेली मराठीत. बस्तीतले उपाध्ये रोज दुपारी ओसरीवर येऊन तिला बाळबोध अक्षरं शिकवत. महिन्याला एक शेर जोंधळे आणि सणाला धोतर, हा त्यांचा मोबदला. पहिलं वर्षभर गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "शिकून काय करणार गे तू? कचेरीत बसणार काय?" दुसऱ्या वर्षी त्याच बायका आपल्या मुलांची पत्रं घेऊन तिच्याकडं येऊ लागल्या. तिसऱ्या वर्षी तिनं गल्लीतल्या पाच मुली स्वतः शिकवायला बसवल्या. कुणी सांगितलं नव्हतं, फी नव्हती. मिळालेलं तिनं पुढं दिलं, एवढंच.

अक्कव्वाची ही गोष्ट एकटीची नाही. मोठ्या नावांच्या आयुष्यातही हाच क्रम दिसतो. रमाबाई रानडे यांचं लग्न १८७३ साली अकराव्या वर्षी झालं. तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्तींनी त्यांना घरीच शिकवायला घेतलं. वाड्यातल्या वडीलधाऱ्या बायकांनी टोमणे मारून जीव नकोसा केला, हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे. शाळेत न गेलेल्या याच बाईनं पुढं पुण्याच्या सेवासदनात शेकडो बायकांना शिकण्याची वाट करून दिली. पंडिता रमाबाईंना संस्कृत कुणी शिकवलं? आईनं, लक्ष्मीबाईंनी. आणि लक्ष्मीबाईंना त्यांच्या नवऱ्यानं, लोकांचा रोष पत्करून. म्हणजे शिकवणीची शिकवणी.

या इतिहासाला काळी बाजूही आहे. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. गोपाळराव लग्नाच्या आधीपासून त्यांना शिकवत होते. त्यांच्याशिवाय आनंदीबाई घडल्या नसत्या हे खरं, आणि अभ्यासापायी त्या लहान मुलीला त्यांनी मारझोड केली हेही खरं. चार भिंतींच्या आत एकच शिकवणारा आणि एकच शिकणारी असली, की सगळं त्या शिकवणाऱ्याच्या स्वभावावर जातं. शाळेत चाळीस डोळे पाहत असतात. घरी कोण पाहणार? म्हणून मी माझ्या पडवीचं दार कायम उघडं ठेवत असे. कुठल्याही आईनं केव्हाही यावं आणि चौकटीशी बसावं.

आता आपल्या समाजाकडं वळू. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ साली स्तवनिधीला झाली. निपाणीच्या त्या घाटात आजही आपण दर्शनाला जातो. सभेच्या पहिल्या पिढीला एक गोष्ट पक्की कळली होती, की शेतीवर जगणारा आपला समाज शिकल्याशिवाय वर येत नाही. १९०१ साली कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळानं वसतिगृहांची चळवळ सुरू झाली, त्यात जैन बोर्डिंगही उभं राहिलं. मुलग्यांची सोय झाली. मुलींचं काय? त्याचं उत्तर मुंबईहून आलं. दानवीर शेठ माणिकचंद जव्हेरी यांची मुलगी मगनबाई ऐन तारुण्यात विधवा झाली. वडिलांनी तिला कोपऱ्यात बसवलं नाही. घरी शिक्षक ठेवून धर्मग्रंथ, संस्कृत आणि व्यवहाराचं शिक्षण दिलं. शिकलेल्या मगनबाईंनी मग मुंबईत श्राविकाश्रम चालवलं. तिथं विधवा आणि टाकलेल्या बायका येऊन शिकू लागल्या, शिक्षिका होऊन बाहेर पडू लागल्या. तसंच काम सोलापुरात उभं राहिलं आणि पद्मश्री सुमतीबाई शहा यांनी ते आयुष्यभर वाढवलं. आपल्या भागातल्या कितीतरी मुली सोलापूरला जाऊन शिकून आल्या. एका बापानं लेकीसाठी लावलेल्या शिकवणीतून हे निघालं, हे लक्षात ठेवायला हवं.

राजवाड्यांतही हेच घडलं. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड जन्मले नाशिककडच्या कवळाणे गावी, शेतकऱ्याच्या घरी. १८७५ साली दत्तक आले तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आजच्या शाळेत हा मुलगा आला असता तर त्याला सातवीत घालायचं की पहिलीत, यावरच बैठक बसली असती. बडोद्यात त्यांच्यासाठी एलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा त्यांना शिकायच्या होत्या. सुरुवातीला प्रगती धिमी होती. पण बारा वर्षांच्या मुलाला बाराखडीपासून सुरू करताना लाज वाटणार नाही, अशी ती सोय होती. वर्गात हसायला कुणी नव्हतं. सहा वर्षांनी, १८८१ च्या डिसेंबरात, त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. पुढं याच राजानं १८९३ साली अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींसुद्धा, आणि १९०६ साली सगळ्या राज्यात. बाराव्या वर्षी धुळाक्षरं गिरवलेल्या माणसाला, न शिकता राहिलेलं मूल कसं असतं हे कुणी सांगायची गरज नव्हती.

शाहू महाराजांचं शिक्षणही काही वर्षं आपल्या शेजारी, धारवाडला, फ्रेझर नावाच्या शिक्षकांच्या हाताखाली झालं. १९१७ साली त्यांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पुढच्याच वर्षी त्यांचे धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीत अपघातानं गेले. मागं राहिली सून, इंदुमती, वय बारा. त्या काळच्या रिवाजानं तिचं आयुष्य तिथंच संपलं असतं. महाराजांनी तिला कोल्हापूरजवळ सोनतळीला ठेवून तिच्यासाठी शिक्षक नेमले. घरच्यांची नाराजी होती, ती त्यांनी अंगावर घेतली. इंदुमती राणीसाहेब मॅट्रिक झाल्या आणि पुढं त्यांनी कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणाचं काम केलं.

कुणी म्हणेल, हे राजेरजवाडे, शेठसावकार. यांना शिक्षक ठेवायला काय जातं? बरोबर आहे. म्हणून शेवटी कुंभोजच्या पाटलांच्या घरात जाऊ. भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोजला, आपल्याच समाजात झाला. कोल्हापुरात शाळेत असताना त्यांचं मन परीक्षेत फारसं रमलं नाही. मॅट्रिकपर्यंत ते पोचले नाहीत. साताऱ्यात त्यांनी पोटापाण्यासाठी शिकवण्या सुरू केल्या आणि लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. परीक्षेत मागं पडलेला माणूस दुसऱ्यांच्या मुलांना परीक्षेसाठी तयार करत होता. मला यात विरोध दिसत नाही. आपण कुठं अडखळलो हे ज्याला आठवतं, त्याला दुसऱ्याचं अडखळणं लवकर दिसतं. पैसे देऊ शकणाऱ्यांची मुलं शिकवता शिकवता त्यांना न देऊ शकणाऱ्यांची मुलं दिसत राहिली असतील, असं मला वाटतं. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. कर्मवीरांचं नाव घेताना आपण वडाच्या झाडाचं चिन्ह आठवतो. त्या झाडाचं एक मूळ पाटील मास्तरांच्या शिकवणीत आहे.

ही सगळी माणसं एका रांगेत उभी केली की शिकवणीचा फायदा काय, हे स्वच्छ दिसतं. अल्पवयीन सून, विधवा, बारा वर्षांचा निरक्षर पोर. शाळेच्या मापात न बसणारी ही माणसं. शाळेला सगळी मुलं एका वयाची, एका तयारीची, एका भाषेची लागतात. शिकवणीला काहीच लागत नाही. मूल जिथं असेल तिथून सुरुवात करता येते. फायदा मुख्य हाच, बाकीचे सगळे यातून निघतात.

हे मला पडवीत रोज दिसायचं. पाचवीतली मुलगी अर्धा आणि एक-तृतीयांश यांची बेरीज दोन-पंचमांश करते. वरचे अंक वरच्यांत, खालचे खालच्यांत. वहीवर लाल फुली पडते, ती पुसून फळ्यावरचं उत्तर उतरवते, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच करते. साठ मुलांच्या वर्गात बाईंनी तरी काय करावं? शेजारी बसलेल्याला मात्र विचारता येतं, "हे कसं काढलंस गं, मला सांग." ती सांगते, आणि गाठ कुठं आहे ते कळतं. मग भाकरी घ्यायची. अर्धी ताटात ठेवली, वर आणखी एक तुकडा ठेवला. आता ताटात अर्ध्यापेक्षा जास्त आहे की कमी? दोन-पंचमांश म्हणजे तर अर्ध्याहून कमी. मुलगी भाकरीकडं बघते, वहीकडं बघते आणि स्वतःच हसते. असं झालं की ती चूक कायमची गेली.

आपल्या सीमाभागात तर आणखी एक गाठ असते, भाषेची. घरी कानडी, शाळा मराठी, किंवा घरी मराठी आणि शाळा कानडी, आणि दोन्हीकडं आता इंग्रजीची घाई. कानडीत निर्जीव वस्तू सगळ्या एकाच लिंगाच्या. मराठीत भाकरी ती, भात तो, दूध ते. कानडी घरातलं मूल "भाकरी खाल्लं" असं लिहितं तेव्हा ते निष्काळजीपणे लिहीत नाही, आईची भाषा इमानानं पाळत असतं. बाहेरगावाहून बदलून आलेल्या शिक्षकाला हे कळायला वर्ष जातं, तोवर मूल ढ ठरून बसतं. गल्लीतल्या ताईला ते पहिल्या दिवशी कळतं, कारण तीही त्याच घरातून आलेली असते. तिच्याशी मूल दोन्ही भाषांत बोलतं. चुकलं तर वर्ग हसत नाही. प्रश्न विचारायची भीती जाते. आपल्याकडच्या लाजऱ्या मुलींना हा फायदा मार्कांहून मोठा. माझ्याकडची एक मुलगी सहा महिने मान हलवून उत्तरं द्यायची. सातव्या महिन्यात तिनं विचारलं, "टीचर, हे असंच का?" त्या वर्षी तिचे मार्क फारसे वाढले नाहीत. वाढले पुढच्या वर्षी, आणि मग वाढतच गेले.

अभ्यासकांनीही हे मोजून पाहिलं आहे. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली असं मांडलं, की एकेकट्यानं शिकवलेलं साधारण मूल नेहमीच्या वर्गातल्या शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव मुलांच्या पुढं जातं. नंतरच्या अभ्यासांत एवढा मोठा फरक आढळला नाही, पण फरक आढळला. मला त्याहून जवळचा वाटतो तो आपल्याच देशातला, मुंबई आणि बडोद्याचा प्रयोग. प्रथम या संस्थेनं तिथल्या महापालिकेच्या शाळांत बालसखी नेमल्या. त्याच वस्तीतल्या, शाळा शिकलेल्या तरुण मुली. तिसरी-चौथीतल्या मागं पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून त्या वाचन आणि गणित शिकवत. पुढं नोबेल मिळवलेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांबरोबर २००१ ते २००३ मध्ये याची पाहणी केली. मुलांचे गुण वाढले, सगळ्यांत जास्त वाढले ते सगळ्यांत मागं असलेल्यांचे. खर्च अगदी थोडा. शिकवणं थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराच फायदा ओसरला, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं. झाडाला एकदाच पाणी घालून चालत नाही, तसंच हे. सयाजीरावांच्या बडोद्यात शंभर वर्षांनी दहावी-बारावी झालेल्या मुली मोडक्या वर्गांतून तेच काम करत होत्या, हे वाचून मला अक्कव्वा आठवली.

मग आज बिघडलं कुठं? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१४ सालच्या आकड्यांप्रमाणं देशातले सुमारे २६ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेत होते. चौघांत एक. म्हणजे शिकवणी कमी झालेली नाही, पुष्कळ वाढली आहे. पण ती कुणाकडं गेली ते बघा. शंभर-दीडशे मुलांच्या क्लासला आपण शिकवणी म्हणतो. तिथं मास्तरांना मुलाचं नाव माहीत नसतं, मग त्याची गाठ कशी माहीत असणार? ती वर्गाचीच दुसरी आवृत्ती, फक्त फी जास्त. काही ठिकाणी वर्गात अर्धवट शिकवून उरलेलं घरी पैसे घेऊन शिकवायचं, असाही धंदा चालत असे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २८व्या कलमानं शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवणीची मनाई केली, ती उगाच नाही. आणि ज्यांना खरी गरज, त्या मुलांच्या घरी फीला पैसे नाहीत. अशी ही उलटी गंगा. शाळेनं मागं टाकलेल्यांना हात देण्यासाठी जी वाट होती, ती पुढं असलेल्यांना आणखी पुढं नेण्याची वाट झाली.

म्हणून शिकवणी वाईट, असं मी म्हणणार नाही. ज्यांना परवडतं त्या मैत्रिणींना माझं सांगणं एवढंच, की शिकवणी लावताना तीन गोष्टी पाहा. एका वेळी मुलं किती बसतात? शिकवणारा मुलाची जुनी वही उलगडून बघतो का? आणि मूल घरी आल्यावर स्वतःहून काही करतं का, की तिथलंच उतरवून आणतं? चांगल्या शिकवणीचा शेवट शिकवणी सुटण्यात असतो. तीन-तीन वर्षं तेच मूल त्याच विषयाला बसत असेल तर कुठंतरी चुकतंय. आणि खेळायची वेळ शिकवणीला देऊ नका. संध्याकाळी धावलेलं मूल सकाळी लवकर समजून घेतं.

दुसरं सांगणं आपल्या समाजाला. आपल्याकडं दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. आहार, औषध, शास्त्र, अभय. आहारदानात आपण मागं नाही. पंचकल्याणकाला गावजेवणं होतात. शास्त्रदान म्हटलं की मात्र आपण ग्रंथ छापून कपाटात ठेवतो. शास्त्रदान म्हणजे ज्ञानदान, आणि ज्ञान कागदातून नाही, माणसाशेजारी माणूस बसून जातं. बस्तीच्या पाठशाळेचा हॉल रविवारची सकाळ सोडली तर आठवडाभर रिकामा असतो. पंखे आहेत, दिवे आहेत, चटया आहेत. आपल्या घरांत बीएस्सी, बीकॉम, डीएड झालेल्या सुना आहेत. लग्नानंतर त्यांची पदवी ट्रंकेत गेली आहे. चार वाजता दोन घटका त्यांना मोकळ्या मिळू शकतात. आणि बस्तीच्या मागच्या गल्लीत, आपल्या समाजातली आणि बाहेरची, वीस-पंचवीस मुलं अशी आहेत, ज्यांना विचारायला घरी कुणी नाही. या तीन गोष्टी एकत्र आणायला देणगीची पावती लागत नाही.

आमच्याकडं गेल्या वर्षी आठ जणींनी हे सुरू केलं. आठवड्यातून चार दिवस, एकेकीकडं चार मुलं, त्याहून जास्त घ्यायची नाहीत असा नियम. जात विचारायची नाही, फी घ्यायची नाही. सासवांची समजूत काढायला मात्र तीन महिने लागले. एका सासूबाईंनी विचारलं, "परक्यांची पोरं शिकवून आपल्याला काय मिळणार?" त्यांच्या सुनेनं दिलेलं उत्तर मला फार आवडलं. ती म्हणाली, "आत्ती, मला माझ्या शेजारच्या काकूंनी फुकट शिकवलं होतं. त्यांचं द्यायचं राहिलंय."